दोन ग्रॅम साखर आणि शाळेची घंटा

तिसरीतल्या, पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण पावणेदोन-दोन लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तातली साखर वेगळी काढून तराजूत टाकली, तर ती दोन ग्रॅमसुद्धा भरणार नाही. जेमतेम अर्धा चमचा. एवढ्या साखरेवर ते मूल परिपाठाला उभं राहतं, पाढे म्हणतं, मैदानात लंगडी घालतं आणि मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसतं.

आता मधल्या सुट्टीकडे या. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. तेवढ्या तांदळाची खिचडी पोटात गेली, की पचनातून पाऊणशे ग्रॅमहून जास्त ग्लुकोज तयार होतं. रक्तात मुळात आहे त्याच्या चाळीसपट साखर पुढच्या दोन-तीन तासांत आतड्यातून रक्तात उतरते. आणि तरीही, निरोगी मुलाच्या रक्तातली साखर एवढ्या जेवणानंतर सहसा दुप्पटसुद्धा होत नाही. थोडी चढते आणि पाचवा तास संपायच्या आत पुन्हा जागेवर येते. एका वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस शरीरांत हे रोज घडतं आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

हे काम करतात स्वादुपिंडातल्या पेशींची बारीक बेटं. १८६९ साली पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता आणि ही बेटं कशासाठी असतात हे त्याला सांगता आलं नव्हतं. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर क्षणाक्षणाला तपासतात आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनचा निरोप मिळाला की स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी साखर उचलतात. मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. रक्तात आलेलं इन्सुलिन टिकत नाही. सुमारे पाच मिनिटांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं. म्हणजे दिलेला निरोप शरीर सतत मागे घेत असतं आणि गरज असेल तरच नव्याने देतं. धावायला सुरुवात केली, की इन्सुलिन कमी. खायला बसलं, की जास्त. शाळेचं वेळापत्रक कितीही विस्कटलं तरी या पेशींची वेळ चुकत नाही.

टाइप वन मधुमेहात नेमक्या याच पेशी जातात. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्यांना परकं समजून नष्ट करते. यात मुलाने खाल्लेल्या पेढ्यांचा, आईच्या डोहाळ्यांचा किंवा घरच्यांच्या लाडाचा काडीचाही दोष नसतो, हे शेजारीपाजारी कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगत राहिलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतात वीस वर्षांखालची सुमारे २ लाख २९ हजार मुलं टाइप वन मधुमेहासह जगत आहेत. ही संख्या जगात सर्वाधिक आहे. यांतली बहुतेक मुलं शाळेत जातात, आणि दिवसातले पाच-सहा तास त्यांच्या रक्तातली ती दोन ग्रॅम साखर आईवडिलांच्या नजरेआड असते.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण अशी मुलं शाळेत जाण्याइतकी जगतच नसत. ११ जानेवारी १९२२ या दिवशी टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचं वजन उरलं होतं तीस किलोच्या आत. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याचा फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने बारा दिवसांत तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला दिलेल्या इंजेक्शनने मुलाची साखर खाली आली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, कॉलिप आणि त्यांचे प्रमुख मॅक्लिओड यांच्या या कामाला पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, पण बँटिंग आणि मॅक्लिओड या दोघांच्याच नावाने. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला माणशी एक डॉलर घेऊन देऊन टाकण्यात आले.

एका युनिट इन्सुलिनमध्ये औषध असतं सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात वीसेक युनिटं लागली, तर सगळं मिळून एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. मिठाच्या चार-दोन कणांएवढं ते द्रव्य शरीरात नसेल, तर समोर ताट भरून अन्न असूनही पेशी उपाशी राहतात.

मग रोज टोचून घेतलं की प्रश्न मिटला, असं वाटेल. इथेच शाळेची घंटा मध्ये येते. बीटा पेशींनी सोडलेलं इन्सुलिन पाच मिनिटांत ओसरतं. सकाळी सातला आईने दंडात किंवा मांडीत टोचलेलं इन्सुलिन हा सुटलेला बाण असतो. ते माघारी बोलावता येत नाही. आणि ते केव्हा काम करेल हे त्या रेणूच्या घडणीवर ठरतं.

इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा. बाटलीत असे सहा-सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती एकत्र येऊन राहतात. शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना १९६९ साली उलगडली. इन्सुलिनच्या स्फटिकावर पहिलं काम त्यांनी १९३० च्या दशकात, अगदी तरुणपणी केलं होतं. म्हणजे एका रेणूपायी तीन दशकांहून जास्त काळ गेला. त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या चमूत आपले एम. विजयन होते, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नामवंत झाले. या रचनेतून कळलेली गोष्ट प्रत्येक शाळेला उपयोगी आहे. सहाचा गट कातडीखालून रक्तात पटकन जात नाही. तो आधी सुटा व्हावा लागतो. त्यामुळे साधं, ज्याला डॉक्टर रेग्युलर म्हणतात ते इन्सुलिन, जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं आणि त्याचा जोर दोन ते चार तासांनी असतो. नव्वदच्या दशकात या रेणूतल्या फक्त दोन शेजारच्या अमिनो आम्लांची अदलाबदल करून नवं इन्सुलिन बनवलं गेलं. ५१ मण्यांतले दोन मणी इकडचे तिकडे केले, आणि सहाचा गट चटकन फुटू लागला. हे इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं. मूल हात धुऊन डब्यापुढे बसलं, की तेव्हाच टोचलं तरी चालतं.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे. डेन्मार्कमधल्या हॅगेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेत १९४६ साली इन्सुलिनला माशाच्या वीर्यातून मिळणाऱ्या प्रोटॅमिनची जोड देऊन त्याचा वेग मुद्दाम कमी करण्यात आला. बाटलीत दुधाळ दिसतं ते हे. टोचल्यावर चार तासांनी त्याचा जोर चढतो आणि बराच वेळ टिकतो. स्वस्त पडतं म्हणून आपल्याकडची अनेक मुलं अजून याच इन्सुलिनवर आहेत. सकाळी सातला टोचलेलं हे औषध ऐन अकरा-साडेअकराला भरात येतं. आता कल्पना करा, त्या दिवशी पाहुणे आलेत, सत्काराची भाषणं लांबली आहेत, २६ जानेवारीच्या कवायतीचा सराव चालू आहे आणि मधली सुट्टी पाऊण तास पुढे गेली आहे. एकोणचाळीस मुलांना फक्त भूक लागेल. चाळिसाव्याच्या रक्तातली दोन ग्रॅम साखर एकवर येईल.

साखर कमी झाली की पहिला फटका बसतो मेंदूला, कारण त्याच्याकडे साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. आणि मुलांचा मेंदू भलताच खाऊ असतो: पाच-सहा वर्षांच्या मुलाचं शरीर स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा एकटा मेंदू घेतो. म्हणून साखर दर १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की मूल फळ्याकडे नुसतं बघत राहतं, सोपी बेरीज चुकतं, विनाकारण चिडतं, रडतं. मग हात थरथरतात, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. शिक्षकांना यातलं पहिलं दिसतं ते ‘लक्ष नाही’. जेवणाआधीच्या गणिताच्या तासाला रोज उर्मटपणा करणाऱ्या मुलाला उठाबशा काढायला लावल्या, तर त्याचे स्नायू उरलेली साखरही ओढून घेतात. हे कुणी दुष्टपणे करत नाही. माहिती नसते, एवढंच. पण माहिती मिळायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून ती नसणं मला सहन होत नाही.

उपायही तेवढाच साधा. लहान मुलाला दोन चहाचे चमचे, मोठ्याला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर वर आली नसेल तर पुन्हा द्यायचं, आली की डब्यातलं काहीतरी खायला लावायचं. चॉकलेट इथे तितकं कामाचं नाही, कारण त्यातली चरबी साखरेचा वेग कमी करते. मुलाला एकट्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवायचं नाही. जिन्यावरच ते कोसळू शकतं. आणि बेशुद्ध झालं तर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. कुशीवर झोपवून तडक दवाखाना, आणि घरच्यांनी साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन शाळेत दिलेलं असेल व कुणाला ते देणं शिकवलेलं असेल तर आधी ते.

म्हणूनच साखरेची पुडी वर्गात हवी, ऑफिसच्या कुलपाच्या कपाटात नको. हाच नियम दम्याच्या मुलाच्या पंपाला लागू आहे: धाप लागल्यावर घ्यायचा पंप दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलावर, हात पोचेल तिथे असला पाहिजे. फिट येणाऱ्या मुलासाठी तर औषधापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. कांदा, चप्पल हुंगवत बसू नये, दातांत चमचा घालू नये, कुशीवर वळवावं आणि वेळ बघावी. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर गाडी बोलवावी.

पीटीच्या तासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मधुमेही मुलांना तिथून सर्रास बाजूला बसवलं जातं. खेळताना आकसणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेऊ लागतो. इन्सुलिनशिवाय साखर घेण्याची ही वाट शरीरात उपजतच आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. खोखोच्या तासाभराने साखर खाली येते, आणि रिकामे झालेले स्नायू पुढे कित्येक तास साखर भरून घेत राहतात, त्यामुळे संध्याकाळी किंवा रात्रीही ती घसरू शकते. पण शंभर मीटरच्या शर्यतीत उलटं घडतं. चुरशीच्या वेळी अॅड्रेनलिन यकृतातली साखर बाहेर काढतं आणि आकडा चढतो. परीक्षेच्या धास्तीनेही हेच होऊ शकतं. यावर उत्तर खेळ बंद करणं हे नाही. खेळाआधी साखर बघावी, लागेल तर केळं किंवा दोन बिस्किटं द्यावीत आणि सर, मी खेळू का, या प्रश्नाला हो म्हणावं.

साखर बघणं आज किती सोपं झालंय तेही नवलच. साखर तपासायच्या यंत्राच्या पट्टीवर बहुधा बुरशीपासून मिळवलेलं एक एन्झाइम असतं. रक्ताच्या अर्ध्या मायक्रोलिटर थेंबातल्या ग्लुकोजवर ते काम करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि यंत्र तो इवलासा विद्युतप्रवाह मोजून पाच सेकंदांत आकडा दाखवतं. मात्र त्याआधी हात साध्या पाण्याने धुवायला हवेत. डब्यातलं संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर यंत्र मुलाची नाही, संत्र्याची साखर मोजतं, आणि भलत्याच आकड्यावर कुणीतरी जास्तीचं इन्सुलिन देऊन बसतं.

दुसरी एक चूक याहून गंभीर. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळतं, मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचं नारिंगी. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली, की डोस अडीचपट चुकतो. शाळेत दुपारचं इन्सुलिन ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हे रंग डब्यावर लिहून द्यावेत. आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात बाटली दप्तरात तापू देऊ नये. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चालतं. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि आतलं औषध सुरक्षित राहतं. बर्फाला मात्र ते कधी चिकटू देऊ नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

आतापर्यंत बोललो ते निदान झालेल्या मुलांबद्दल. पण शाळेचं याहून मोठं काम निदानाच्या आधीचं आहे, आणि त्याचा पुरावा इटलीत आहे. पार्मा प्रांतात १९९१ साली डॉक्टरांनी एक भित्तीपत्रक तयार केलं. संदेश असा: कोरड्या अंथरुणात झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सारखं पाणी पिऊ लागलं, तर साखर तपासा. ते प्रांतातल्या १७७ शाळांत लावलं आणि बालरोगतज्ज्ञांना साखर तपासायची साधनं दिली. त्याआधी तिथे टाइप वन मधुमेह झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं रक्त आम्लधर्मी होऊन, जिवाच्या धोक्यात रुग्णालयात येत होती. नंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. मुलांची संख्या लहान होती, पण एवढी घसरण कुठल्या नव्या औषधाने झालेली नव्हती. भिंतीवरच्या कागदाने आणि तो वाचलेल्या शिक्षकांनी, पालकांनी केली होती.

कारण समजलं की चिन्हं आपोआप लक्षात राहतात. रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढते. म्हणून मूल प्रत्येक तासाला ‘बाई, एकीला जाऊ?’ म्हणतं, बाटली दोन-तीनदा भरून आणतं. पेशींना साखर मिळत नाही, म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळतं आणि महिन्याभरात गणवेश ढगळ होतो. चरबी जळताना तयार होणारी आम्लं साठली की पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो. इथवर आलं की तासांचा हिशेब असतो, आणि नेमकं तेव्हाच घरी म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल, अॅसिडिटी झाली असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा मुलांना तपासतं. हे मोलाचं आहे, पण टाइप वन काही आठवड्यांत उघडा पडतो. तो पथकाच्या तारखेची वाट बघत नाही. मुलाला रोज बघणारी बाईच त्याला आधी ओळखू शकते.

एकीला जायला नाही म्हणणं, हा माझ्या मते शाळेतला सगळ्यात वाईट नियम आहे.

आजारी मुलाला घरी पाठवायचं, ही शाळांची जुनी रीत. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांवर नेमलं, तेव्हा त्यांनी खरूज, डोळ्यांचे आजार, डोक्यातल्या उवा यांवर शाळेतच उपचार सुरू केले आणि वर्षभरात गैरहजेरी झपाट्याने उतरली. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत परिचारिका नाही, आणि लवकर येईल असं दिसत नाही. पण नियम मुलांच्या बाजूला झुकू लागले आहेत. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं, की डॉक्टरांनी सांगितलं असेल तर या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ या संस्थांनी अशा मुलांसाठी मोठं काम उभं केलं आहे. तरी कित्येक मुलं, आणि मुली तर जास्तच, वर्गात कुणाला कळू नये म्हणून स्वच्छतागृहात जाऊन टोचून घेतात किंवा दुपारचा डोस सरळ चुकवतात. लग्न जमणार नाही या भीतीने घरच्यांनीच लपवायला सांगितलेलं असतं. ही भीती एका दिवसात जाणार नाही. पण वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यायला जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात होऊ शकते.

पालकांनो, एक पानभर मजकूर लिहा: मुलाला काय आहे, कुठलं औषध, किती, कधी, साखर कमी झाली तर काय दिसतं, काय द्यायचं, ताप आला आणि जेवण गेलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, आणि तीन फोन नंबर. त्यावर डॉक्टरांची सही घ्या, एक प्रत वर्गात, एक पीटीच्या सरांकडे, एक स्कूलबसच्या काकांकडे द्या. आणि शिक्षकहो, तुमच्या वर्गातलं एखादं मूल अचानक सारखं एकीला जाऊ लागलं, सारखं पाणी पिऊ लागलं, बारीक होऊ लागलं, तर पालकसभेची वाट बघू नका. त्याच दिवशी आईवडिलांना फोन करा आणि संध्याकाळ व्हायच्या आत बोटातल्या थेंबाची साखर तपासून घ्यायला सांगा.